काजळाचा मान

बालाघाट, सोमवार

मैनाबाईले धाकट्या सुखरामचा सप्रेम जयभीम. तुहा गुडघा कसा हाय? तिरोडीची हवा मानवते का? इकडं सगळे खुशाल हाय. तुही भावजय कमला खुशाल, महेंद्र खुशाल, मी बी खुशाल, अन् बकरी त गाभण हाय. तू फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. फोन कापता येते, पण पोस्टमननं दारातून टाकलेलं पत्र कोणाले कापता येत नाही. (फाडाचं असन त फाडजो, पण वाचून.)

आता नातीचं. तू अर्ध्यातून उठून गेली, म्हणून तुले अर्धंच माहीत. मी पयल्यापासून सांगतो. (कमला म्हणते, मी चहा मागाचा असला तरी आज्याच्या लग्नापासून सुरू करतो.) महेंद्रले सख्खी बहीण नाही, म्हणून त्याच्या पोरीच्या डोळ्यात पयलं काजळ घालाचा मान त्याची आत्या म्हणून तुह्याकडं आला. तू एरंडेलाचा दिवा लावला, वर काशाची वाटी पालथी घातली, काजळी तुपात खलली अन् साऱ्या मोहल्ल्यात धूर केला. (आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, उपास सोडले, पण दीठ लागाचं भेव काही आपल्याले सोडत नाही.) पोरीचे डोळे त्याच्या आधीच चिपडले होते. शेजारची चंपाबाई म्हणे, आईचं दूध पिळा. महेंद्रनं मोबाइलात पाहून गुलाबजल आणलं. मी माह्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची उरलेली दवाई काढली, कमलानं हातातून हिसकली नसती त थेंब पडलाच होता. एवढ्याशा डोळ्यात सारं घर उतराले पाहत होतं, दवाखान्यात जाचं तेवढं कोणाले सुचलं नाही. पापण्या सुजल्या त तू म्हणली, काजळ लागून राह्यलं, चांगलं हाय. आम्ही बी हौ म्हणलं.

मंग पोरगी डोळेच उघडीना, तवा गेलो. डॉक्टरीणबाईनं ओल्या कापसानं काजळ पुसलं त खालून पिवळा पू आला. काळ्याखाली पिवळं कोणाले दिसलंच नव्हतं. तिनं विचारलं, काजल किसने लगाया? आम्ही सारे भिंतीकडं पाहाले लागलो, महेंद्र त भिंतीवरचं कॅलेंडर वाचाले लागला. अन् तू पदर सावरून पुढं झाली. मैंने लगाया, बुआ हूँ ना. तुले वाटलं, डॉक्टरीणबाई शाबासकी देऊन राह्यली. ते तुहं तोंड माह्या डोळ्यापुढून जात नाही, बाई. मंग ती जे बोलली ते ऐकून तू न जेवता गाडी धरली. मी तुह्या मागं स्टेशनापर्यंत आलतो, डबा घेऊन. तू मागं पाह्यलं नाही.

तू गेल्यावरचं तुले सांगाचं हाय. पू काजळानं झाला नाही. जंतू पोरीले जन्मतानाच आईकडून लागले, असं डॉक्टरीणबाई म्हणे. म्हणून आपल्या सुनेले, श्रुतिकाले, दवा देली अन् नवरा म्हणून महेंद्रले बी देली. महेंद्र म्हणे, माहे डोळे त चांगले हाय. बाईनं त्याले बाजूले नेऊन समजावलं, अन् तो कानापर्यंत लाल होऊन परत आला. (बापलेकात असल्या गोष्टी होत नाही. मी छताचा पंखा पाहत बसलो.) काजळानं एवढंच केलं का पू झाकला, अन् आपण उशीर केला. आपण, बाई. तू एकटी नाही. पोरीले इंजेक्शन झाले. आता कमला साबणानं हात धुते, उकळून थंड केलेल्या पाण्यात कापूस भिजवते, नाकाकडून कानाकडं एकदाच पुसते, दुसऱ्या डोळ्याले दुसरा कापूस घेते. मी जवळ गेलो त माहे हात हुंगून पाहते. उजवा डोळा साफ झाला. डाव्यात बुबुळावर पांढरं फूल राह्यलं. त्या डोळ्यानं तिले उजेड कळते, माणूस दिसन असं कोणी म्हणत नाही. मले लई वाईट वाटते. घरात बोलाची सोय नाही, एकानं तोंड उघडलं का बाकीचे रडतात, म्हणून तुह्याजवळ बोललो.

तुह्या घरच्या सगळ्यांले जयभीम सांगजो. (तू एकटीच राहते हे मले माहीत हाय, पण लिहाची रीत हाय.)

तुहा भाऊ,
सुखराम

ता.क. वर सगळे खुशाल लिहिलं, ते बकरीपुरतं खरं समजजो.

दुसरा ता.क. पोरीचं नाव अजून ठेवलं नाही. येत्या रविवारी त्यासाठी घरी बुद्धवंदना ठेवली हाय, पण श्रुतिका म्हणते, आत्याबाई आल्या तरच नाव, नाही त पोरगी बिननावाची राहीन. (मी नाही म्हणत, सून म्हणते. तुले माहीत हाय, या घरात माहं कोण ऐकते.) काजळाची डबी आणजो. डोळ्यात नाही, पायाच्या तळव्याले लावजो. डॉक्टरीणबाईले विचारून घेतलं, चालते म्हणे. दीठ पायातूनही उतरत असन.

तिसरा ता.क. कानात नाव सांगाले पोरीच्या उजव्या अंगानं बसजो. डाव्या अंगानं बसली त तिले तू दिसणार नाही, अन् मले वाटते, आपलं नाव कोण सांगून राह्यलं हे तिनं पाह्यलं पायजे.