काटा अठ्ठ्याहत्तरवर

९ फेब्रुवारी, रविवार

शालूला डाग! माझा लग्नातला शालू. कपाटातून काढला तर पदरावर चार पांढरट डाग, एक तर तळहाताएवढा. कपाट कुठे? हॉलमध्ये. हॉलमध्ये आणखी काय? माशांची टाकी. आणि टाकीसमोर खुर्ची टाकून कोण? आमचे सासरे, दादा.

लॉन्ड्रीवाला शालू उलटापालटा करून म्हणतो, "ताई, घामाचे दिसतात. मागच्या लग्नात नेसून तसाच घडी घातला का?" शहाणाच आहे. ही ओल आहे. टाकीतलं पाणी आठवड्याला दोन बोटं खाली जातं, ते कुठे जातं? हवेत. आणि हवेतून माझ्या कपाटात. बारा वर्षं सातवीला हेच शिकवतेय मी.

टाकी निकिताची. पोरगी लातूरला क्लासला गेली आणि तिचे तीन मासे आजोबांच्या गळ्यात पडले. लाडू, जिलबी आणि मास्तरीण. मास्तरीण म्हणजे मी — तो मासा कपाळाला आठ्या घालून खातो म्हणे. नाव ठेवलं तेव्हा सगळे हसले होते. मीही हसले.

१० फेब्रुवारी

बाजारातून मीटर आणलं. गोल, घड्याळासारखं, आर्द्रता दाखवणारं. चाळीस ते साठ म्हणजे चांगलं. टाकीच्या वर खिळा ठोकून अडकवलं.

अठ्ठ्याहत्तर!

यांना दाखवलं. "बापरे," म्हणाले आणि जेवायला बसले.

दादा उठले, मीटरजवळ गेले, काचेवर नखाने टकटक केलं. मग माझ्याकडे वळून, "माय, ह्याला येकदा वल्ल्या फडक्यात गुंडाळून ठिवावं लागतंय. आमी तिकडं तसंच करत हुतो."

ओल्या फडक्यात! घरात आधीच ओल, त्यात हे आणखी फडकं भिजवणार. म्हटलं, "दादा, मी सायन्स शिकवते." बसले खाली.

'तिकडं' म्हणजे कृषी विद्यापीठात. बत्तीस वर्षं तिथल्या हवामान केंद्राच्या कुंपणात सकाळी सातला आणि दुपारी दोनला जाऊन हवा मोजायचे. चतुर्थ श्रेणी. हवा मोजायचाही पगार मिळतो या देशात.

१२ फेब्रुवारी

टाकीवर काचेचं झाकण बसवून घेतलं. चारी बाजूंनी चिकटपट्टी. दाणे टाकायला एक कोपरा उघडा.

दादा म्हणाले, "वारं लागतंय त्यास्नी."

म्हटलं, मासे पाण्यात राहतात, दादा.

१३ फेब्रुवारी

अठ्ठ्याहत्तर.

१६ फेब्रुवारी

अठ्ठ्याहत्तरच. मग लक्षात आलं — पंप. दिवसभर बुडबुडे, बुडबुडे फुटले की तुषार. बंद केला. घर किती शांत वाटलं!

वही माझी आहे, इथे तरी खरं लिहायला काय हरकत आहे? मला टाकी नको आणि टाकीसमोरचा माणूसही नको. सासूबाई गेल्या आणि गावाकडचं, झरीचं घर बंद करून यांनी दादांना इकडे आणलं, त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत मी हॉलमध्ये पाय पसरून बसलेली नाही. त्रास काहीच नाही त्यांचा, तोच तर त्रास आहे. मागत नाहीत, रुसत नाहीत. नुसते बघतात. बहिणीला फोनवर खोटंच म्हटलं, बरं नाही म्हणून येत नाही — मान वर केली, तर दादा बघतायत. पुन्हा माशांकडे.

टाकी गेली की त्यांचं इथून मन उडेल. झरीला घर आहे, सीतारामसारखा पुतण्या आहे शेजारी. मला तोंडाने काही म्हणावंच लागणार नाही.

१८ फेब्रुवारी

लाडू गेला. सकाळी पोट वर. दादांनी कर्दळीच्या कुंडीत पुरला. चहा घेतला नाही. माशाचं सुतक!

२० फेब्रुवारी

टाचांना भेगा पडल्यात, चालवत नाही. ओठही फुटलेत. रोज व्हॅसलीन. या वर्षी काय झालंय कळत नाही.

२३ फेब्रुवारी

कुठेसं वाचलं, खडेमीठ ओल ओढून घेतं. चार वाडग्यांत भरून हॉलच्या चार कोपऱ्यांत ठेवलं. आठवडाभर ठेवणार.

२ मार्च

मीठ खडखडीत कोरडं. म्हणजे ओल मिठापर्यंत पोचतच नाही, परस्पर भिंतीत मुरतेय. मीटर — अठ्ठ्याहत्तर.

काल धडा शिकवताना एकदम डोक्यात आलं. पुस्तकात स्वच्छ दिलंय: माणूस श्वासावाटे बाष्प बाहेर टाकतो. चोवीस तास बंद हॉलमध्ये एक माणूस श्वास सोडत बसलाय आणि मी माशांच्या मागे लागलेय!

घरी आल्या आल्या सांगितलं. टॉवेल हॉलमध्ये वाळत घालायचा नाही. चहा बाहेर. आणि दिवसा ओसरीत बसायचं, हॉलमध्ये फक्त झोपायला.

दादा म्हणाले, "बरं."

खुर्ची स्वतः उचलून नेली. ओसरीतून खिडकीच्या गजांतून टाकी दिसते. तिथेच मांडली.

४ मार्च

दादांच्या खाटेमागे खिळ्याला दोन काचेच्या कांड्या टांगलेल्या. ताप बघायची असते तशा, पण लांब. एकीच्या बुडाला चिंधी, चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत. अजून पाणी! हे काय म्हणून विचारलं.

"जुनी सवं हाय, माय. कोरडा आन् वल्ला."

वाटी मोरीत ओतली. कांड्या ट्रंकेत घालून ठेवा म्हटलं. ठेवल्या असतील.

८ मार्च

महिला दिन. शाळेत सत्कार. शाल, श्रीफळ आणि 'संवेदनशील शिक्षिका' असं लिहिलेलं सन्मानपत्र. मुख्याध्यापिका सुमनबाई बोलताना दोनदा गहिवरल्या. मी म्हटलं, संवेदना घरातून शिकावी लागते. टाळ्या.

घरी येऊन टाकीतलं अर्धं पाणी काढलं. पाणी कमी तर वाफ कमी, साधा हिशोब. दादा गजांना धरून उभे होते. बादल्या मी एकटीने वाहिल्या, शाल अजून खांद्यावरच होती.

११ मार्च

जिलबी गेली. उरली मास्तरीण. अर्ध्या टाकीत तोंड वर करून भकाभका करते. आठ्या मात्र तशाच.

मीटरवर फरक नाही. चिवट आहे ही ओल.

१३ मार्च, होळी

निकिताचा फोन. "लाडू-जिलबी कसे आहेत?" दादांच्या हातात फोन होता. मी दारात उभी. आता सांगतील, म्हटलं. सांगू दे.

म्हणाले, "झ्याक हायेत. तू पेपर दे नीट."

पुरणपोळी एक खाल्ली. लय गोड झालीय म्हणाले. खरं तर मी गूळ कमी घातला होता, त्यांच्यासाठी म्हणून नव्हे, संपला होता.

१६ मार्च

यांनी शेवटी तोंड उघडलं. "अगं, म्हातारा माणूस, ओसरीत ऊन लागतंय. अडतीसवर गेलंय." मी यांचा हात धरून मीटरसमोर नेलं. म्हटलं, हे तुम्ही बघा आणि मग बोला. शालूचं जाऊ द्या. उद्या त्यांच्याच छातीत ओल धरली, दमा लागला, तर कोण धावणार? मी त्यांच्या भल्याचं बघतेय.

हे मीटरकडे बघत राहिले. आकडा समोर असला की यांची बोलती बंद होते. बँकेतला माणूस.

दादा ओसरीतूनच म्हणाले, "बजरंग, सीतारामला फोन लाव. पाडव्याच्या आत घर झाडून घिऊ."

मला तोंडाने काही म्हणावंच लागलं नाही.

१९ मार्च

सीताराम आला होता न्यायला. एक ट्रंक, एक वळकटी. आणि दुधाची किटली — तिच्यात मास्तरीण. टाकी नको म्हणाले, "तिकडं हौद हाय."

सीताराम हसला, "काका, झरीपस्तोर यष्टीत मासा नेता?"

"निकिताला काय सांगू? येक तरी पायजे का न्हाई?"

निघताना मला म्हणाले, "टाचंला कोकमतेल लाव, माय. हवा लय कोरडी हाय औंदा."

हवा कोरडी! ओसरीत बसून डोकं तापलंय. रिक्षा वळेपर्यंत किटली मांडीवर धरून बसले होते, झाकण थोडं उघडं ठेवून. माझ्या नावाचा मासा. डोळ्यांत पाणी आलं का माझ्या? आलं थोडं. धूळ फार होती.

२० मार्च

हॉलमध्ये पाय पसरून बसले. दोन तास.

२२ मार्च

टाकी भंगारात दिली. मीटर — अठ्ठ्याहत्तर. भिंतीत मुरलंय ते. निघायला वेळ लागेल.

२४ मार्च

शालू आला लॉन्ड्रीतून. स्वच्छ. "सांगितलं होतं ना ताई, घामाचे होते." पिशवी घेऊन निघून आले.

२७ मार्च

मीटर शाळेत नेलं. म्हटलं, सातवीला प्रत्यक्ष दाखवू. वर्गात — अठ्ठ्याहत्तर. बाहेर मैदानात नेलं, भर दुपारी, चाळीस अंशांत, जमिनीला तडे. अठ्ठ्याहत्तर.

पहिल्या बाकावरची नीलम म्हणाली, "मॅडम, ह्याचा काटा हालतच न्हाई की."

म्हटलं, हलतो. हळू हलतो.

पोरी घरी गेल्यावर रुमाल भिजवून त्यात गुंडाळून ठेवलं. अर्धा तास. काही नाही. रुमाल सोडून तासभर वाळू दिलं, मग टेबलाच्या कडेवर जोरात आपटलं. काटा एकदम सुटला आणि खाली आला. अठ्ठावीस.

२८ मार्च

कुणाला सांगायचं नाही. मीटर दप्तरातच आहे.

कांड्या ट्रंकेबरोबर गेल्या का, ते बघायला दादांच्या खाटेची गादी उचलली. खाली वही. निळी, सरकारी. विसरले असतील. की ठेवली असेल?

आत रेघा मारलेल्या, रोजच्या दोन नोंदी, सात आणि दोन. अक्षर पोरासारखं. १० फेब्रुवारीपुढे: 'कोरडा २४, ओला १४, आर्द्रता ३२. सूनबाईच्या यंत्राचा काटा अडकला आहे.' मग रोज आकडे. तीस, एकतीस, अठ्ठावीस. लाडू गेला त्या दिवशी तीस. कांड्या ट्रंकेत घाला म्हटलं त्यानंतरही रोज, शेवटच्या सकाळपर्यंत. कुठे बसून मोजत होते कोण जाणे.

आणि १६ फेब्रुवारीपुढे शेऱ्याच्या रकान्यात, बारीक: 'यंत्र नीट करून दिले असते. पण मग तिला दुसरे कारण शोधावे लागेल. हेच बरे आहे.'

मी पंप बंद केला तो दिवस. मी या वहीत खरं लिहिलं, तोच दिवस.

रडू यायला हवं होतं. आला तो राग. एवढं सगळं दिसत होतं तर ओरडायचं, भांडायचं, यांना सांगायचं! माझ्या हातून मासे मरू दिले आणि बघत बसले. आता ते परत आले तर रोज समोर बसतील आणि मला ठाऊक असेल की त्यांना ठाऊक आहे. मला ते जमणार नाही.

वही पाणी तापवायच्या बंबात घातली. कोरडी होती. लगेच पेटली.

३० मार्च, पाडवा

गुढीला शालू नेसवला. यांनी विचारलं, "मीटर कुठंय? आता किती आहे?"

म्हटलं, उतरलं. अठ्ठावीस.

"अरे वा! मग दादांना आणू का परत? आता टाकी तर नाही."

म्हटलं, इतक्यात नको. माणसाच्या श्वासानेही ओल वाढते.