धुऱ्यावरून चालणारी रेसची गाडी

बाबूजी, तुम्हाले सांगायची गोष्ट अशी का आपल्या घरी एक गाडी आहे, जिले उभं राहायले पायच नव्हता. सायकललेही स्टँड असते, हिले नव्हतं. मोटरसायकल आहे, पण मातीतल्या रेसची, ते पोट्टे टेकाडावरून उडवत नेतात ना हवेत, ती. तुम्ही पाहिली नसन. तुमच्या काळी असन कुठं, पण आपल्या रेल्वे क्वार्टरच्या लाइनीत तर नव्हती. रेसवाल्यांले गाडी उभी कायले करायची असते, म्हणून कंपनी स्टँड लावतच नाही म्हणे. लाइट नाही, हॉर्न नाही, नंबर नाही, मागं बसायले जागा नाही. नंबर नाही म्हणून रस्त्यावर न्यायची सोय नाही, जिथं न्यायची तिथं टेम्पोत चढवून न्या, नवरीसारखी. तर ही बाई समता कॉलोनीतल्या आमच्या आंगणात माझ्या लाकडी स्टुलावर चढून बसली होती. त्या स्टुलावर बसून मी मेथी निवडत होती. तेव्हापासून जमिनीवर बसून निवडली. तक्रार नाही करून राहिली, फक्त सांगते.

गाडी तुमच्या पणतीची, माझ्या पोराच्या पोरीची. तुम्ही तिले पाहिलं नाही, अन् तिनं तुम्हाले फक्त भिंतीवरच्या फोटोत. नाक तुमच्यावर गेलं आहे, अन् रागात नाकपुड्या फुगवायची सवयही. लहानपणापासून तिले चाकाचा नाद. बाहुल्या आणल्या तर बाहुल्याइले डब्यात बसवून डबा ढकलत होती. मोठी झाली, नोकरी लागली, तर पहिल्यांदा ही गाडी घेतली, कोणाची तरी वापरलेली. रेसमध्ये पळवायची. मी एकदा पाहायले गेली होती, धूळ खाऊन परत आली, काही दिसलं नाही, पण मोठ्यानं ओरडली मात्र, सगळे ओरडून राहिले होते म्हणून. मग मागच्या वर्षी ती पडली. उडी मारली अन् गाडी आडवी झाली, अन् वरून गाडी तिच्यावर. खांद्याजवळचं हाड मोडलं, गुडघा पिळला. तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा, कठड्यापाशीच उभा होता. त्यानंच उचलून आणलं. त्याचं चश्म्याचं दुकान आहे बाबूजी, दिवसभर काच हातात धरणारा माणूस. त्या दिवसापासून घरात गिलास पडला तरी धावत येते.

हाड जुळलं. गुडघाही चालायले लागला. पण पोरानं ठरवून टाकलं का गाडी विकायची, भनपुरीचा एक माणूस घ्यायले तयारच बसला होता. अन् पोट्टी भांडली नाही, हेच मले खटकलं. जी पोट्टी भाजीत मीठ कमी पडलं तर तासभर भांडते, ती यावर गप्प राहिली. नोकरीवर जाय, ये, जेवे, मोबाइल पाहे, झोपे. हसायची तर शेजारच्या घरातून विचारत होते का काय झालं म्हणून, ते हसणं बंद. मी देवाले बोलली, दृष्ट काढली, तिच्या आवडीच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या. तिनं खाल्ल्या अन् म्हणे, अच्छे बने हैं. बस. तुम्हाले माहीत नाही बाबूजी, इथले पोट्टे आपली मराठी सगळी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, अशी आमची गाडी दोन पटऱ्यांवर बरोबर चालते.

मग एका संध्याकाळी मी भाकरी थापून राहिली होती तर ती येऊन उंबऱ्यावर बसली. अन् म्हणे, "आजी, मुझे रेस नहीं करनी अब. पर चलानी है. जंगल में, पगडंडी पे, धीरे-धीरे." मी म्हटलं, तर चालव ना हळू, कोण अडवते तुले. तेव्हा तिनं मले समजावलं का या गाडीले हळू येतच नाही. हळू केली का बंद पडते, जास्त वेळ हळू चालवली का तापते, अन् जरासा हात फिरवला का उधळते. तिले पूर्ण बदलवावं लागन. तिच्या बापानं हे ऐकलं. मग म्हणे, धान कापून झालं का अभनपूरजवळ त्याच्या साळ्याचं, म्हणजे माझ्या सुनेच्या भावाचं, शेत आहे तिथं टेम्पोनं गाडी न्यायची. शेतातल्या धुऱ्यावरून तलावापर्यंत जायचं अन् यायचं, तेही त्याच्या डोळ्यासमोर. "हळू चालली तर ठेवू. उधळली, नाही तर पोरगी पडली, तर त्याच टेम्पोतून भनपुरीले." धुरा तुम्हाले माहीत आहे, दोन वावरांच्या मधातला मातीचा बांध, माणूस चालते तर एका मागं एक चालावं लागते. त्याच्यावर रेसची गाडी. पोट्टी म्हणे, हव. छत्तीसगढीत म्हटलं, म्हणजे मनापासून म्हटलं.

त्यानंतर आमचं आंगण कारखाना झालं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून पान्यांचा आवाज. उंचावरून पडायचं नाही तर स्प्रिंगा इतक्या कडक कायले, म्हणून नरम स्प्रिंगा लावल्या. मागची दातेरी चकती मोठी लावली, त्यानं धाव कमी होते अन् जोर वाढते. मागचं चाक बदललं, टायर जाड आलं. तापू नये म्हणून एक लहानसा पंखा बसवला, पोटाखाली दगड लागू नये म्हणून पत्रा लावला. अन् स्टँड लावलं बाबूजी, माझं स्टूल मले परत भेटलं, काळं झालेलं, एक पाय वाकडा. एक दिवस ती भनपुरीच्या लोखंड कातणाऱ्या खरादवाल्याकडून लोखंडाचं एक जड कडं घेऊन आली, इंजिनाच्या आतल्या चाकावर चढवायले. मी म्हटलं, सगळे वजन कमी करतात अन् तू काहून वाढवून राहिली. तर मले हात धरून माझ्या शिलाई मशीनपाशी नेलं. तिचं चाक फिरवलं अन् म्हणे, आजी, हे चाक जर हलकं असतं तर जाड कपड्याच्या शिवणीवर मशीन अडली असती. जड आहे म्हणून पाय थांबला तरी दोन टाके पुढं जाते. गाडीलेही तसंच, हलक्या चाकानं ती लवकर पळते, जड चाकानं ती बंद पडत नाही.

तेव्हा मले तुम्ही आठवले. मी डबा घेऊन यार्डात येते, पायात चप्पल नाही, खडीवर पाय पोळून राहिले, अन् तुम्ही त्या काळ्या इंजिनातून वाकून पाहता. तुमचं इंजिन कधी कुठं गेलं नाही. मालगाडीचे डबे इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेजारच्या पोरीचा बाप मेल चालवत होता, ती रोज सांगे, आज नागपूर, आज बिलासपूर. म्हणून मी एकदा विचारलं का तुम्ही मेल काहून नाही चालवत. तुम्ही रागावले. म्हणाले, डबा ठेव अन् घरी जा. मी रडत निघाली तर मागून हाक मारली. साहेब नव्हता त्या दिवशी. मले काखेत धरून वर घेतलं, अन् तुमचा चहाचा गिलास, काठोकाठ भरलेला, समोरच्या पत्र्यावर ठेवला. मग ते एवढं धूड तुम्ही मागं नेलं, डब्याले टेकवलं, अन् चहा फक्त थरथरला. सांडला नाही. तुम्ही म्हणाले, "मेल सोडून दिली का धावते, बाई. हिले मले हातात धरून न्यावं लागते." मग तो चहा अर्धा मले दिला. मी तिसरीतून शाळा सोडली, धाकट्या भावंडांपायी, लिहिणं-वाचणं तेवढंच राहिलं माझं. पण तो चहा मले अजून गोड लागते. पोट्टीले मी ही गोष्ट सांगितली तर तिनं पाना खाली ठेवून ऐकली. अन् तुमच्या फोटोकडं असं पाहिलं, जसा कोणी ओळखीचा भेटला.

आता माझा पराक्रम ऐका. शेतावर जायच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर बिजौऱ्या वाळत घातल्या होत्या, तिळाच्या वड्या हो. खाली आंगणात पाहते तर फडक्यावर एक स्पंज पडला आहे, टोपीएवढा, तेलानं चिकट. मी म्हटलं, बिचारी दमली, धुवायचं राहून गेलं असन. भांड्याच्या साबणानं घासघासून धुतला, पिळला अन् बिजौऱ्यांच्या बाजूले उन्हात ठेवून दिला, वरून फडकं झाकलं, चिमण्यांनी चोच मारायले नको म्हणून. दुपारी पोट्टी सगळं घर शोधून राहिली. सुनेले विचारलं, बापाले विचारलं, मग गच्चीवर आली. मी मोठ्या कौतुकानं काढून दाखवला. तिचं तोंड पाहून मले कळलं का काहीतरी झालं. ती गाडीची श्वास घ्यायची गाळणी होती बाबूजी, अन् ते तेल तिनंच खास मापानं चोळलं होतं. आपली लाल मुरमाची धूळ त्या तेलाले चिकटते, इंजिनाच्या पोटात जात नाही. तेलाशिवाय ती गाळणी काही कामाची नाही. उद्या शेतावर जायचं अन् मी हे करून बसली.

पोट्टीनं गाळणी उजेडापुढं धरली. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. वास घेतला, तर बिजौरीचा. अन् बाबूजी, ती हसायले लागली. अशी हसली का खाली बसली, बिजौऱ्यांच्या चादरीवर हात पडला, चार फुटल्या, तरी हसणं थांबेना. शेजारीण कठड्यावर येऊन विचारून राहिली का काय झालं. "इतना साफ तो मैंने कभी नहीं धोया, आजी," म्हणे. तेल उरलं होतं, तिनं परत चोळलं, मलेही शिकवलं का कसं दाबायचं, पिळायचं नाही. आता ते खातं माझ्याकडं आहे. कोणी हात लावायचा नाही.

रविवारी टेम्पोत गाडी उभी बांधली अन् आम्ही मागून कारमधी. माझ्या पोरानं रस्ताभर गाणंही लावलं नाही. शेत कापून मोकळं झालं होतं, धानाच्या खुंटांवर बगळे. पोट्टीनं हेल्मेट घातलं, गुडघ्याले पट्टे बांधले, अन् किक मारली. पहिले ज्या आवाजानं कॉलोनीतले कुत्रे पळत होते तो आवाज नाही. जाड, शांत, डुगडुग डुगडुग. धुऱ्यावर चढली तेव्हा जरासा वाढला, मग परत बसला. तो आवाज आमच्यापासून दूर गेला, कुठं उधळला नाही, कुठं चिरकला नाही. तलावाच्या बाजूनं वळला असन, वारा तिकडून होता तर बगळ्यांच्या पंखांचाही आवाज आला. परत येतानी एका जागी धुऱ्याले पाणी काढायले तोंड फोडलेलं होतं, सुनेचा भाऊ आधीच सांगून होता का तिथं सांभाळजो. अन् तिथंच गाडी बंद पडली.

एकदम सगळं चुप. तेव्हा मले वाटलं, गेली गाडी भनपुरीले. गाडीचं काही नाही हो, लोखंड आहे. पण हसणं कालच तर परत आलं होतं, तेही टेम्पोत बसून जाईन असं वाटलं. मग एक किक. काही नाही. दुसरी किक. अन् डुगडुग. घाई नाही, राग नाही, तसाच जाड, शांत आवाज, अन् तो आवाज ते तोंड ओलांडून आमच्याकडं येत गेला, येत गेला, अन् अगदी माझ्या पायापाशी येऊन थांबला.

पोट्टीनं हेल्मेट काढलं, तोंड लाल मातीनं भरलेलं, दात तेवढे पांढरे. बापाकडं पाहिलं. तो म्हणे, "बंद हुई थी बीच में." ती म्हणे, "हव. गिरी नहीं, पापा." मग तो गाडीपाशी गेला, तिच्याभोवती एक चक्कर मारली, जशी पाहुण्याघरची म्हैस पाहतात, अन् म्हणे, "ठीक चलाई. मैंने पूरा देखा." टेम्पोत चढवतानी दोर त्यानंच बांधला, अन् दोरानं टाकी घासू नये म्हणून गळ्यातला गमछा काढून मधात घातला. मग सुनेच्या भावाले बाजूले घेऊन विचारून राहिला का तलावाच्या पल्याड जंगलात बैलगाडीची वाट आहे म्हणतात ती कुठपर्यंत जाते, अन् मधात दवाखाना कुठं पडते. भनपुरीवाल्याले त्यानं गाडीतूनच फोन केला.

आता येणाऱ्या जाणाऱ्याले मी ही गोष्ट सांगते. शेजारणीले तर हात पसरून दाखवलं का धुरा एवढा अन् चाक एवढं, अन् मी सगळं आपल्या डोळ्यानं पाहिलं. तुम्हाले हा कागद कुठं पाठवायचा ते काही मले माहीत नाही, म्हणून याच्यात खरं लिहायले हरकत नाही. तिनं किक मारली तेव्हापासून माझे डोळे मिटलेले होते, बाबूजी. मी फक्त ऐकलं. गाडी बंद पडली तेव्हा एक डोळा किलकिला केला, तोही तिच्याकडं पाहायले नाही, पोराचं तोंड पाहायले, का आता हा काय म्हणते. तर बाजूले तो उभा, दोन्ही मुठी आवळून, अन् त्याचेही डोळे गच्च मिटलेले. मग मी माझाही परत मिटून घेतला.