तिसरा फोन

पोलीसप्रमुख हॅलोरन यांस,

एका घरी वर्षात तीनदा पोलीस आले, की आपल्या गावात भाडेकरूला घर सोडावं लागतं. माझे तीन भरले.

दोन फोन शेजारच्या मिसेस हेंडरशॉटचे. माझ्या चर्चच्या बायका माझ्या अंगणात मोठ्यानं हसल्या म्हणून. “सरकारच्या पैशानं भाडं भरणारी काळी माणसं! यांना सांगा हो, हे शिकागो नाही,” मिसेस हेंडरशॉट म्हणाल्या. तुमच्या शिपायानं मान डोलावून नोंद केली. “पुढच्या वेळी हसण्याचा परवाना काढून येऊ गं,” असं त्या बायकांतली माझी मैत्रीण बेटी मला म्हणाली.

तिसरा फोन माझा. माझा नवरा ल्युशस स्वयंपाकघरात कोसळला होता. रुग्णवाहिकेआधी तुमचा माणूस आला आणि दारातूनच म्हणाला, “याचं नाव भाडेकरारात आहे का?”

“अरे बाबा, आधी त्याचा श्वास बघ!”

तीन फोनांचा तो नियम मी वाचनालयात बसून वाचला. जीव वाचवायला केलेला फोनही त्यात उपद्रवच. लेक म्हणते, “आई, माफीचं पत्र टाक, घर राहील.” म्हणून लिहायला बसले, पण माफी काही सुचली नाही. हे पत्र टाकणार नाही. मंगळवारच्या गावसभेत बोलायला उभी राहीन. तिथे आधी नाव आणि पत्ता सांगावा लागतो. सांगेन: ४१७, एल्डर स्ट्रीट. ल्युशस तिथेच गेला, आणि मी तिथेच राहते.

आपल्याच गावची,
ओडेसा प्रुइट