टॅनर्स लेनचे गुलाबी शर्ट

१४, टॅनर्स लेन, ऑल्डरविक
रविवार, १३ एप्रिल २०२५

प्रिय बेरिल,

नाताळचं कार्ड सोडून माझं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजू नकोस. सगळे धडधाकट आहेत. रॉयचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण दर शनिवारी मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायला तो सगळ्यांच्या आधी हजर. माझ्याशी लग्न करून पन्नासच्या वर वर्षं ऑल्डरविकमध्ये काढली, चार पोरं इथंच वाढवली, तरी गावाला तो अजून 'डोरीनचा मिलबरोवाला'च. काल फाटकावर कोणीतरी त्याला विचारलं, "काय रे, व्हिसा आहे ना तुझ्याकडे?" मिलबरो इथून चार मैल!

तुझ्या ग्विनच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं का? त्याला म्हणावं, आता तरी वाकून बागकाम करू नकोस.

इथं फुटबॉल लीगचे दोन सामने उरलेत आणि आपण तिसऱ्या नंबरवर आहोत. मी 'आपण' म्हणते, तू नाक मुरडू नकोस. गोलकीपर नवा आहे, दिवसा शाळेत भूगोल शिकवतो. काल चेंडू त्याच्या पायांमधून गेला तेव्हा मागून म्हातारा एर्नी ओरडला, "मास्तर, गोल तुमच्या मागं आहे, नकाशात बघा!" अख्खं मैदान हसलं, मास्तर पण हसला. मग पुढचे तीन चेंडू त्यानं असे अडवले की एर्नीनं स्वतः त्याला चहा नेऊन दिला. चहाचं काउंटर अजून माझ्याच ताब्यात आहे. सॉसेज रोल मध्यंतराआधीच संपतात आणि चहा कडक नाही अशी तक्रार एकाचीही नाही.

क्लब चांगला चाललाय, बेरिल. लाकडी स्टँड जळाला ते वर्ष तुला कळवलं होतं, आणि मैदान विकायला काढलं तेही. दोन्ही वेळा वाटलं, संपलं. दोन्ही वेळा गावानं दारोदार फिरून क्लब उभा केला. आता नॉर्वेहून चार पोरं दर वर्षी येतात, केवळ आपले गुलाबी शर्ट आवडतात म्हणून. बोल आता!

तर नव्या स्टँडबद्दल. एकशेवीस खुर्च्या, वर पक्कं छप्पर. नाव काय द्यायचं यावर फेब्रुवारीत सभा झाली. कोणी म्हणालं राजाचं द्या, कोणी म्हणालं एर्नीचं द्या, तर एर्नी म्हणाला, "मी मेलो नाही अजून." मग सेक्रेटरी हावर्थ उठला आणि म्हणाला, "अरे, या क्लबला रंग कोणी दिला? आपल्या बेरिलनं. ती चुकली नसती तर आज आपण शंभर पांढऱ्या क्लबांमधला एक असतो." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. नाही कसा करणार होते?

हावर्थनं तुला पत्र धाडलं, तुझं उत्तर आलं. ते त्यानं मोठ्यानं वाचलं, माझ्या काउंटरपाशी, मी पाव कापत असताना. तू नाही म्हणालीस. त्याचं मला नवल वाटलं नाही. पण पुढं तू लिहिलं होतंस की, 'माझ्या निष्काळजीपणाचा सत्कार नको. बाबांनी पंधरा दिवस माझ्याशी अबोला धरला होता आणि त्यांची माफी मागायची ती राहूनच गेली. आजही मशीनमध्ये कपडे टाकताना मी प्रत्येक कपडा तीनदा तपासते.'

हावर्थला त्यात गंमत वाटली. "ऐंशीची झाली, पण अजून तपासते बघा!" माझ्या हातातली सुरी तिथंच थांबली. घरी येऊन मी रॉयला सांगितलं. तो म्हणाला, "लिही एकदाचं. साठ वर्षं वाट बघतोय मी."

तीन पानं भरली आणि मी अजून एर्नीच्या चहावरच आहे. आता लिहिते.

नोव्हेंबर १९६४, गुरुवार. शनिवारी कपचा सामना होता, वरच्या लीगचा कोलहर्स्ट आपल्या मैदानावर येणार होता. बुधवारच्या सामन्यातले पांढरे शर्ट चिखलानं बरबटलेले, क्लबकडे तो एकच संच, आणि बाबा क्लबचे ट्रेनर म्हणून धुणं कायम आपल्या घरी. त्या आठवड्याची पाळी तुझी. तू शर्ट उकळत्या पाण्यात टाकलेस आणि स्टार्च आणायला दुकानात गेलीस. तेवढ्यात मी आले. माझ्या कोटाखाली एक मफलर होता. लाल.

रॉयचा. मिलबरोचा रंग. त्याच्या आईनं घरी विणून घरीच रंगवलेला. नाचाच्या रात्री त्यानं तो माझ्या गळ्यात घातला होता, आणि मी त्यावर ग्रेव्ही सांडून बसले होते. दोन मिनिटांत धुऊन काढू म्हणून मी तो तुझ्या पाण्यात बुडवला. दोन मिनिटंच, बेरिल. पिळला आणि वर माझ्या गादीखाली पसरला. पाण्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तू झाकण उचललंस आणि जी किंकाळी फोडलीस ती शेजारच्या मिसेस पॉगसनला ऐकू गेली. तीनदा सोड्यात उकळले, ब्लीचमध्ये घातले, पण गुलाबी ते गुलाबीच. तू स्वतःच म्हणालीस, "माझा लाल चौकड्यांचा एप्रन पडला असेल आत." आईनं तो एप्रन शेगडीत घातला. तो बिचारा निर्दोष होता.

मी तोंड उघडणारच होते. खरंच सांगते. पण तेवढ्यात कोणीतरी म्हणालं की मिलबरोकडून शर्ट उसने आणू, आणि बाबा गरजले, "मिलबरोचं लाल घालण्यापेक्षा माझी पोरं उघडी खेळतील! त्या गावाचा धागा या घरात येणार नाही!" धागा तर माझ्या गादीखाली होता. मी सतरा वर्षांची होते. शर्टांचं कबूल करायचं तर रॉयचं कबूल करावं लागणार होतं. मी गप्प बसले. एक दिवस गप्प बसले, मग दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड झालं, आणि असंच होत गेलं.

आपण दोन-एकनं जिंकलो तेव्हा वाटलं, सुटले. पण पुढच्या फेरीत सात गोल खाल्ले, पेपरानं आपल्याला 'मिठाईवाले' म्हटलं, आणि गावानं सगळा राग तुझ्यावर काढला. खाटकाच्या दुकानात तुला बघून पुरुष शिट्ट्या वाजवायचे. तू फेब्रुवारीत दूर टेन्बीच्या हॉटेलात नोकरी धरलीस. स्टेशनवर मी तुझी पेटी धरून उभी होते आणि तेव्हाही बोलले नाही. पुढं त्याच शर्टांत आपण वरच्या लीगमध्ये गेलो, लोकांना तो रंग शुभ वाटायला लागला. पण तोवर तू गेली होतीस.

आणि आता ही गंमत बघ. दोष होता तेव्हा माझी जीभ रेटली नाही. आता त्या दोषाचा मान झालाय, तर बोलले की लोक म्हणतील, म्हातारी बहिणीच्या स्टँडवर डोळा ठेवून आहे! मला तो स्टँड नको. तू तीनदा तपासणं थांबवावंस, एवढंच मला हवंय. तुझी काही चूक नव्हती. बाबांची माफी तू मागायची नव्हतीस, मी मागायची होती. तुझीही मागते. मला माफ कर.

आता तू म्हणशील, रंग माझा नव्हेच, मग स्टँडच्या उद्घाटनाला मी कशाला येऊ. म्हणून एक गोष्ट ऐक. त्या शनिवारी सकाळी शर्ट मैदानावर न्यायला कोणी तयार होईना. बाबा म्हणाले, बादलीत झाकून मागच्या गल्लीनं न्या. तू सगळ्या शर्टांना कडक इस्त्री केलीस, घड्या छातीशी धरल्यास, आणि भर बाजाराच्या दिवशी हाय स्ट्रीटच्या मधोमध चालत गेलीस. तुझे डोळे सुजले होते, पण मान ताठ होती. मी मागून चालत होते, वीस पावलं अंतर ठेवून. आपल्या कप्तानानं तुला येताना पाहिलं आणि गपचूप पहिला शर्ट अंगात चढवला. नंतर तो मला म्हणाला होता, "आपली बेरिल एवढी चालत आली, तर आम्ही नव्वद मिनिटं पळू शकत नाही का?"

रंग माझ्यामुळे लागला. पण तो अंगावर घालायची हिंमत त्या पोरांना तू दिलीस. स्टँड त्या हिमतीसाठी आहे असं समज. कमिटीला काय सांगायचं ते तू ठरव. तू म्हणशील तर मी काउंटरवर उभी राहून सगळ्या गावाला सांगेन, मग पुढचे सहा महिने माझ्या चहाला कोणी आलं नाही तरी चालेल.

३ मे, शनिवार, दुपारी तीन. नव्या स्टँडचं उद्घाटन आणि मिलबरोशी मैत्रीचा सामना आहे. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी ठेवते.

वीस पावलं मागं राहिलेली तुझी बहीण,
डोरीन

ता. क. सोबत मफलर पाठवतेय. तुझ्याकडेच असू दे. साठ वर्षांत त्याला पुन्हा पाणी दाखवलं नाही. गेल्या हिवाळ्यात छप्पर गळलं तर कपाटातला कागद गुलाबी झाला. चुकूनही भिजवू नकोस, मेला अजून रंग सोडतो.


टेन्बी
गुरुवार, २४ एप्रिल

डोरीन,

मूर्ख मुली, सतरा वर्षांची असताना मलाच कानात सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी काय बाबांना सांगणार होते? मी त्याच पाण्यात माझाही गुन्हा धुतला असता; मी त्या वेळी कोलहर्स्टच्या पोस्टमनला पत्रं लिहीत होते.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रागावले. ग्विन म्हणाला, "साठ वर्षांच्या रागाला दोन दिवस म्हणजे डोरीन स्वस्तात सुटली." तिसऱ्या दिवशी एप्रन शेगडीत घालतानाचा आईचा चेहरा आठवला आणि मी इतकी हसले की मला त्याच्या डोळ्यात थेंब घालता येईनात.

कमिटीला काही सांगू नकोस. मीच सांगेन, तुझ्या काउंटरवर उभी राहून, तुझा हात धरून. चहा मात्र कडक लागेल.

काल मशीन लावलं. तुझा मफलर आणि माझा नवा पांढरा ब्लाउज एकत्र टाकले, गरम पाण्यात. या खेपेला काहीएक तपासलं नाही. रंग फार सुरेख आलाय. ३ तारखेला तोच ब्लाउज घालून येते.

हाय स्ट्रीटवरून चालत जाऊ. या वेळी बरोबरीनं चाल.

तुझी,
बेरिल