टी. नगरच्या काचांपुढे

आई, उद्या सकाळी माझी अँजिओग्राफी आहे. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात. तुझ्या वेळी आपल्या घरात हा शब्द कोणी ऐकला नव्हता. आपल्याकडे दोनच शब्द होते. छातीत भरून आलं की तू म्हणायचीस पित्त, आणि शेजारच्या तमिळ मामी म्हणायच्या वायवु, म्हणजे पोटातला वारा. एग्मोरच्या रेल्वे क्वार्टरमधल्या त्या स्वयंपाकघरात तुम्हा दोघींचा वाद रंगायचा. तू आमसुलाचं सार करायचीस, मामी ओव्याचं पाणी उकळून आणायच्या. तुम्हा लोकांना सगळ्याचं पित्तच होतं, असा टोमणा त्या मारायच्या, आणि तू मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणायचीस, तुमच्याकडे तरी वाऱ्याशिवाय दुसरं काय आहे? मी कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्मला इस्त्री करत ऐकत असे. हसताना तू एक हात जबड्याखाली धरून ठेवायचीस. ते मला आता दिसतं.

दिवाळीच्या खरेदीला आपण टी. नगरच्या बाजारात जायचो. बसमधून उतरून जरा चाललं की तू एखाद्या साडीच्या दुकानापुढे थांबायचीस. काचेकडे बघत राहायचीस, मग पुढे. थोडं चाललं की पुन्हा तेच. बाबा चिडवायचे, हिला अख्खं टी. नगर घरी न्यायचंय. मला मात्र वाईट वाटायचं. शाळेत शिकवायला लागल्यावर पहिल्या पगारात मी गुपचूप जाऊन, तू जिच्यापुढे सगळ्यात जास्त वेळ उभी होतीस ती मोरपंखी कांजीवरम घेऊन आले. तू घडी उलगडलीस, पदरावरून हात फिरवलास आणि विचारलंस, "ही मी कधी बघितली गं?"

मला वाटलं, संकोचानं म्हणतेस.

ती साडी तू एकदाच नेसलीस. मग ती पोंगलच्या आधीची सकाळ आली. तू डाळ निवडता निवडता उठतेस, पाठ भरून आली म्हणतेस, घामानं तुझं ब्लाउज भिजलेलं आहे. जरा पडते, म्हणतेस. मामींनी आणलेलं ओव्याचं पाणी तुझ्या उशाशी गार होऊन गेलं.

मागे एकदा मुलीबरोबर टी. नगरला गेले होते. चालता चालता छातीवर कोणी तळहात दाबून धरल्यासारखं झालं, कळ जबड्यापर्यंत गेली. मी काचेपुढे उभी राहिले आणि ती ओसरली. काचेत काय होतं, मला सांगता येणार नाही. तेव्हा कळलं, आई. तू साड्या बघतच नव्हतीस.

मुलगी सिरुसेरीला आयटी कंपनीत आहे. तिनं रजा काढून मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आहे, पण समजावून सांगते. म्हणाली, हृदयाचा आजार एकच नसतो. कोणाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, मग चालताना कळ येते आणि थांबलं की जाते. थांबूनही गेली नाही तर घरात बसायचंच नाही, तडक हॉस्पिटल. कोणाची झडप नीट मिटत नाही, त्यांना दम लागतो. कोणाचे ठोके बिघडतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. कोणाचं हृदयच थकतं, पाय सुजतात, आडवं झालं की गुदमरतं. आणि बायकांची छाती दुखेलच असं नाही. जबडा, पाठ, मळमळ, घाम, उगीचचा थकवा. तिच्या तोंडून मी तुझं वर्णन ऐकत होते.

मग तिनं विचारलं, "अम्मा, तुमच्या आईला हृदयाचा त्रास होता का?"

"नाही," मी म्हणाले. "तिला पित्त होतं."

मुलगी शेजारीच बसली होती. मी हो म्हणाले असते तर पुढचा प्रश्न तिला आला असता, तुम्हालाही काही होतं का? उद्या आत नेण्याआधी डॉक्टरला खरं सांगायचं, असं ठरवलंय. पण एक गोष्ट इथेच लिहिते, कारण हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही. परवा लिफ्ट बंद होती. जिना चढताना मुलगी माझ्या पुढे होती. मधल्या वळणावर ती थांबली आणि मोबाइल बघत उभी राहिली. मी हळूहळू तिच्यापाशी पोचले. मोबाइलचा पडदा काळा होता.

"ऑफिसचा मेसेज," ती म्हणाली.

आणि मी, आई, बरं म्हणाले.