अक्काच्या मशीनपुरतं ऊन

जळगाव,
चैत्र चालू आहे (तारीख कॅलेंडरवर असेल, कॅलेंडर गाडीत आहे)

ति. अक्कास,

नवलचा वाकून नमस्कार. दाजींनाही एक, त्यांनी मागितला तर. तुझे गुडघे कसे आहेत, आणि रात्री नाकाला लावायचं ते श्वासाचं मशीन अजून मधेच शिट्टी मारतं का, हे आधी कळव. मागे फोनवर मी तुला चष्मा लावून त्या मशीनच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला लावली, तेव्हा तू मला रिकामटेकडा म्हणालीस. ते खरंच आहे, पण कारण सांगायचं राहून गेलं. दिवाळीत तू म्हणाली होतीस की मशीन आल्यापासून तुझं जग त्याच्या वायरीएवढं झालंय. मुक्ताईनगरहून आपलं गाव म्हणजे पार सोनगीरच्या पलीकडे. एका दिवसात जाऊन येणं तुला झेपत नाही, आणि मुक्काम करायचा तर तिथल्या रात्रीच्या लाइटीचा भरवसा नाही. त्यापायी इतकी वर्षं तू माहेरी एक रात्र काढलेली नाहीस. मला ते फार लागलं. म्हणून मी गाडी घेतली. (तुझ्या भावजयीचं, कामिनीचं म्हणणं, रिटायर झालेल्या माणसाला बहिणीचं दुःख लवकर लागतं, विशेषतः त्यावरचा उपाय चाकांवर चालणारा असेल तर.)

गाडी एका बँडवाल्याची आहे. आत दोन फळ्या टाकून झोपायची सोय केली, पण बाहेर रंगवलेला सनईवाला अजून पुसलेला नाही. पहिल्याच फेरीत नशिराबादला चहाला थांबलो, तर एकाने वैशाखातली तारीख मोकळी आहे का म्हणून विचारलं. टपावर कर्ण्यांसाठी जो लोखंडी सांगाडा होता, त्यावर सोलरची दोन पॅनेल अगदी मापात बसली. बॅटरी लिथियमची घेतली. आपल्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी अर्धी वापरली की दमते, ही जवळजवळ तळापर्यंत देत राहते आणि वजनालाही निम्मी. एवढं देऊन ही थकत कशी नाही, हे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. विचारत गेलो तेव्हा कळलं की हिच्या पोटात एक छोटं सर्किट असतं आणि सगळा कारभार त्याच्या हातात असतो. फार तापलं की ते काही घेत नाही आणि का घेत नाही ते सांगतही नाही. मला दाजींची आठवण झाली. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) तेव्हा बॅटरीला हवा गारवा, पॅनेलला हवं ऊन, आणि दोघांचा संसार एकाच गाडीत.

एवढं कळूनही पहिले काही दिवस बॅटरी भरेचना. मीटर नुसता चुकचुकल्यासारखा एखादा आकडा दाखवायचा. मी वायरी सोडल्या, परत जोडल्या, पॅनेल विकणाऱ्याला फोनवर नको ते बोललो. शेवटी काचेवर धूळ असेल म्हणून फडकं घेऊन टपावर चढलो. वर इतकं गार वाटत होतं की जरा टेकलो. डुलकी लागणार, एवढ्यात मान वर गेली. डोक्यावर कडुनिंब. जन्मभर खानदेशात काढलेल्या माणसाचा हात स्टिअरिंगवर असला की गाडी आपोआप सावलीत जाऊन उभी राहते, त्याला मी तरी काय करणार? पॅनेलवाल्याची माफी मागितली. त्याने ती घेतली नाही.

मग खरी परीक्षा गावातच घ्यायची ठरवून आम्ही दोघं निघालो. तुझं मशीन नव्हतं, म्हणून तेवढीच वीज खाणारा टेबलफॅन घेतला. गावात गाडी मुद्दाम भर उन्हात लावली. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सांगायचा, “भाऊ, सावलीमा लाव ना, तपी जाई ती!” मी सगळ्यांना पॅनेलचं शास्त्र समजावलं. सगळ्यांनी मान डोलावली. आणि मी चहाला आत गेलो तेवढ्यात आपल्या चुलतभावाने, रुपचंदने, चार माणसं लावून गाडी ढकलत निंबाखाली नेली. पाहुण्याची गाडी उन्हात राहिली तर गावाला नावं ठेवतात, असं तो म्हणाला. यावर शास्त्रात उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी मी तडजोड केली. गाडी सावलीत ठेवली, पॅनेल काढून अंगणात उन्हात खाटेवर मांडली, आणि मधे लांबलचक वायर टाकली. मीटर असा चढला की मी कामिनीला हाक मारून दाखवला, आणि ती दोनदा बघायला आली. तिसऱ्यांदा बघितलं तर आकडा शून्याला टेकलेला. धावत अंगणात गेलो. भागाबाई काकूने पॅनेलवर ओलं धोतर अंथरून त्यावर ज्वारीचे बिबडे थापून वाळत घातले होते. आपल्याकडे उन्हात खाट दिसली की ती बिबड्यांचीच असते, हे मला सुचायला हवं होतं. काकू मला म्हणे, “इतलं चांगलं ऊन वाया जाई ऱ्हायनं व्हतं!” बिबडे उचलायची माझी छाती झाली नाही. सुकले मात्र फार लवकर, आणि खालून काच गरम म्हणून दोन्ही बाजूंनी. काकूला आता एक पॅनेल हवं आहे.

तरी उरलेल्या उन्हावर बॅटरी भरली, पंखा रात्रभर फिरला, आणि सकाळी निम्म्याहून जास्त वीज शिल्लक होती. अक्का, मी त्या मीटरकडे बघत बसलो आणि मला रडू आलं. आता तुझ्या जगाची वायर निंबापासून अंगणापर्यंत झाली आहे.

तुझा,
नवल

ता. क. मशीनची नळी विसरू नकोस. गावाला कधी निघायचं ते कळव, मी घ्यायला येतो.

आणखी एक ता. क. हे फक्त तुला. निघताना मी रुपचंदला बॅटरीचं कौतुक सांगत होतो, तर तो मला गच्चीवर घेऊन गेला. त्याच्या घरावर दोन वर्षांपासून सोलर आहे, बॅटरीसकट. त्या घरात रात्रीची लाइट जातच नाही. आधी का नाही सांगितलंस विचारलं, तर म्हणाला, “तू इचारंच कोठे?” म्हणजे तू कधीही नुसती एसटीने जाऊन त्याच्या माजघरात मशीन लावून झोपू शकली असतीस. कामिनीला हे अजून माहीत नाही. तेव्हा एवढंच कर. तिथे पोचल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने सांग, की घरातल्या विजेवर माझं मशीन चालत नाही, मी नवलच्या गाडीतच झोपणार. एक रात्र तरी. मंग आख्खं माहेर तुन्हंच शे.