आरशातली मूठ

मु. आसगाव, ता. पवनी
रविवार, दि. १९ जानेवारी २०२५

चि. सौ. गुड्डीस,

तुझी माय कौशल्याबाई हिचा आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल. तुम्हीही खुशालच असाल. काही कमीजास्त असतं तर जावईबापूंनी भोजराजला फोन केला असता, ते तुझ्यासारखा राग पाळत नाहीत. धान घरात आलं. बांधीत लाखोळीचं पीक बरं उभं आहे. पांढऱ्या गाईला गोऱ्हा झाला, आणि तुझ्या भावाचं पोट पुन्हा सुटलं.

पत्र पाहून घाबरू नको, मेलं कोणी नाही. माझा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप. भोजराजच्या फोनवरून बोलावं तर तो बाजूला कान लावून उभा राहतो. आणि फोनवर मी ठरवते एक आणि तोंडातून निघतं दुसरंच, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? म्हणून भोजराजच्या रुचिकाला अंगणात पाटावर बसवलं आहे. ती बारावीत आहे. तिचं अक्षर चांगलं आहे म्हणतात, मला सगळ्यांचीच अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. ती म्हणते, पत्रात 'मले-तुले' चालत नाही. म्हटलं, लिही तुझ्या शाळेचं, पण जिथं कोणी बोललं असेल तिथं जसं बोललं तसंच लिही, नाहीतर पत्र सांगायला दुसरी आजी शोध.

आता गुरुवारची गोष्ट. गुरुवारपासून माझं डोकं तापलेलं आहे.

चष्म्याची काच बदलायला आम्ही भंडाऱ्याला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, दोन तास लागतील. भोजराजला चहा पिऊन दोन तास काढायचे होते, पण जवळच्या हॉलात प्रदर्शन आलं होतं आणि रुचिकाला ते पाहायचंच होतं. कशाचं प्रदर्शन? माणसाच्या मेंदूचं. साड्यांचं नाही, भांड्यांचं नाही. आणि तिथं सगळं हात लावून पाहायचं, बटणं दाबायची. मी म्हटलं, चला, आयुष्यभर लोक म्हणत आले या बाईला डोकं नाही, कसं असतं ते तरी पाहू.

एक रबराचा मेंदू होता, खऱ्याच्या वजनाचा. मी दोन्ही हातांनी उचलला. सव्वा किलोच्या वर असेल. "भोजराज, तुह्या वाट्याले पावभर कमीच आला असन," म्हटलं, तर बाजूच्या मास्तरीणबाई हसल्या आणि तुझा भाऊ फुगला.

पुढं एक खेळ होता. पडद्यावर रंगीत अक्षरं येतात. अक्षरांत लिहिलेलं असतं 'लाल' आणि रंग असतो हिरवा. आपण रंग सांगायचा, तोही झटपट. भोजराज चुकला. रुचिका चुकली. मास्तरीणबाई तर अडखळून अडखळून घामाघूम झाल्या. मी उभी राहिले आणि हिरवा, पिवळा, लाल, निळा, लाल, अशी सांगतच गेले. एक चूक नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथं समजावून सांगायला मोना नावाची एक पोरगी होती, गळ्यात ओळखपत्र. ती म्हणाली, "आजी, तुम्हाला वाचता येत नाही ना? म्हणून अक्षरं तुम्हाला अडवत नाहीत." सत्तर वर्षांत पहिल्यांदा अडाणी असण्याचं बक्षीस मिळालं. मी भोजराजला म्हटलं, "पाह्य, शिकून तुह्यं किती नुसकान झालं."

इथपर्यंत माझी मजा चालली होती. पुढं त्या लोकांनी माझ्या डोक्यात जाळ घातला.

एका टेबलावर लाकडी डबा. मधोमध उभा आरसा. डाव्या बाजूला डावा हात घालायचा आणि आरशात पाहायचं, म्हणजे उजवाही समोर आहे असं दिसतं. मला वाटलं, पोरांचा खेळ. मोना सांगायला लागली. ज्याचा हात कापला जातो त्याच्या मेंदूत त्या हाताची जागा तशीच राहते. मग नसलेला हात दुखतो, खाजतो, जळतो.

मी विचारलं, "मूठ?"

"काय आजी?"

"मूठ वळलेली राहते का? नखं तळव्यात रुततात का?"

ती पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "हो. पुष्कळ जण हेच सांगतात. मूठ घट्ट वळली आहे आणि उघडतच नाही."

"मंग?"

"मग चांगला हात या डब्यात घालायचा. मूठ वळायची आणि आरशात पाहत हळूहळू उघडायची. मेंदूला वाटतं, तो दुसराही हात उघडला. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना आराम पडतो."

गुड्डे, मी त्या हॉलात किती मोठ्यानं ओरडले ते रुचिकाला विचार. नको, ती इथंच आहे, लिहून घेते आहे. ती म्हणते बाहेरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू गेलं.

"इतके वर्सं कुठं होतं हे डबडं? सहा वर्सं माह्या माणसानं दात खाल्ले! अन् तुम्ही आता आरसा दाखवून राहिले?"

भोजराज माझा दंड ओढत होता, "माय, चाल, लोकं पाहून राहिले." पाहू दे की. पाहायलाच तर आले होते.

सांग मला, रागवू नको तर काय करू? धान चुरायच्या, मळणीच्या मशीनीत तुझ्या बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा ज्या दवाखान्यात तो कोपरापासून काढला, तिथं गोळ्यांचा कागद दिला, पट्टी कशी बदलायची ते सांगितलं, पाणी लागू देऊ नका म्हणाले. हात गेला तरी हाताचं दुखणं घरी येईल, एवढं सांगायला त्यांचं तोंड दुखत होतं? आणि उपाय काय, तर आरसा. परदेशातली मशीन नाही, सुई नाही. आरसा! माझ्या घरात भिंतीवर खिळ्याला टांगलेला. त्यात पाहून मी रोज केस विंचरत होते, आणि त्याच्याच खाली खाटेवर तो माणूस तळमळत होता.

शेजारच्या बेबीबाईवरही माझा राग आहे. तिनंच सांगितलं होतं, "हात पुरला तवा त्याची मूठ वळलेली असन, म्हणून दुखते." भोजराजनं तो हात शेताच्या धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली पुरला होता. मी पाच शनिवार तिथं जाऊन हळदीचे तांदूळ ठेवले. मुंग्यांना साखर टाकली, की बाबांनो, याची बोटं सोडा. हे तुला माहीत नाही. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मातीतल्या हाताची मी एवढी सरबराई केली आणि खाटेवरच्या जित्या माणसाला म्हणत होते, नाटकं करू नका.

तू मात्र त्यांची मूठ सोडवत होतीस.

दिवाळीला यायचीस, उन्हाळ्यात यायचीस, आणि आल्या आल्या पिशवी टाकून बाबांसमोर बसायचीस. जिथं हात नव्हता तिथं हवेत तुझी बोटं चालायची. आधी करंगळी, मग तिच्या बाजूचं. ते डोळे मिटून सांगायचे, "अंगठा राह्यला, बाई." तू अंगठा उघडायचीस. एक विडी ओढून होईल एवढा वेळ. मग ते पोटभर जेवायचे, आणि मला माझ्याच हातच्या भाजीचा राग यायचा.

तेव्हा मी म्हणायचे, पोरगी बापाच्या वेडाला खतपाणी घालते, गाव हसतं. गाव हसत नव्हतं. खरं सांगायचं तर तू सासरी सिहोऱ्याला परत गेलीस की ते रस्त्याकडे पाहत बसायचे, आणि मी समोर ताट घेऊन उभी असायचे ती त्यांना दिसायची नाही. चाळीस वर्षं मी रांधून घातलं आणि आराम पडला तुझ्या हातानं. काय म्हणायचं ते म्हण. साठी उलटलेली माय पोरीवर जळत होती असं लिहायला रुचिकाला लाज वाटते आहे, मला आता वाटत नाही.

बाबांच्या तेरवीच्या दिवशी, पंगत बसलेली असताना, सगळ्या सोयऱ्यांसमोर मी काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "या पोरीनंच माह्या माणसाले पागल करून मारलं." तू पानावरून उठलीस. जावईबापूंनी गाडी काढली. तुझ्या पानावरचा वडा तसाच होता. तेव्हापासून दोन वर्षं होत आली.

आता जे सांगते ते रुचिकालाही माहीत नाही, भोजराजलाही नाही. रुचिका, मान वर करू नको, लिही.

मी सगळ्यांना सांगितलं की तुझे बाबा शांतपणे गेले, धान किती झालं ते विचारून गेले. धानाचं त्यांनी काही विचारलं नाही. दुपारी अंगणात उन्हात खाट टाकली होती. मी बाजूला तांदूळ पाखडत होते. ते म्हणाले, "गुड्डीची माय, लय आवळली वो मूठ. गुड्डी नाई तं तू खोल." मी सूप खाली ठेवलं नाही. म्हटलं, "हातच नाई तं मूठ कायची?" ते डाव्या हातानं त्या रिकाम्या बाहीकडे चाचपडले आणि भिंतीकडे तोंड केलं. माझे तांदूळ पाखडून झाले, मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते गेलेले होते.

पायलीभर तांदूळही नव्हते ते. ठेवलं असतं सूप खाली तर काय बिघडलं असतं?

रुचिका थांबली आहे. नाक पुसून घे म्हटलं, पत्रावर गाळू नको.

तर त्या प्रदर्शनात. माझं ओरडणं झाल्यावर मोनानं खुर्ची दिली, पाणी दिलं. पोरगी बरी आहे, ऐकून घेते. मी तिला म्हटलं, "माही पोरगी हे आरशाबिगर करत होती. कोणी शिकवलं नोतं तिले. तिचं नाव लिहा या डब्यावर." ती म्हणाली, "आजी, डब्यावर मला लिहिता येणार नाही." मी म्हटलं, "काहून? पाटी लावायले खिळे सरले काय?" शेवटी तिनं एक वही आणून दिली, येणारे-जाणारे आपलं मत लिहितात ती. मी रुचिकाकडून लिहवलं, "नसलेल्या हाताची मूठ सिहोऱ्याची गुड्डी हिने आसगावात बोटानं बोट उघडून दाखवली. तुमच्या आधी." मोनानं दोनदा वाचलं. मग विचारलं, "आता कुठे असतात त्या?" मी म्हटलं, घरी असते.

आणखी एक वाक्य माझ्या ओठांवर होतं, ते मी तिथं लिहू दिलं नाही. ती परक्यांची वही होती. ते हे आहे. गुड्डी बरोबर होती आणि तिची माय चुकली.

नवा चष्मा लावून घरी आले आणि भिंतीवरचा आरसा उतरवला. त्याच्या कडेला टिकल्या चिकटलेल्या आहेत, दोन तुझ्या लग्नाआधीच्या. बाबांच्या खाटेवर तो उशीला टेकवला, समोर बसले, मूठ वळली आणि एकेक बोट उघडलं. करंगळीपासून, तू करायचीस तसं. आरशात दुसरा हात उघडला. भोजराज दारात उभा होता. तो गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

माघातल्या सप्तमीला बाबांचं श्राद्ध आहे. मी चारचौघांत बोलले होते, ते चारचौघांतच परत घ्यावं लागेल. तेरवीच्या पंगतीला जे होते त्या सगळ्यांना बोलावणं धाडलं आहे, बेबीबाईला सगळ्यांत आधी. तू ये, नको येऊ, तुझ्या नावाचं पान वाढलेलं राहील आणि मला जे म्हणायचं ते मी म्हणेन. पण तू पानावर बसलेली असशील तर मला नीट म्हणता येईल. भिंतीकडे पाहून बोलायची मला सवय नाही.

लग्नात निघताना तू आतल्या खोलीच्या भिंतीवर हळदीचा हात उठवून गेली होतीस. तुझ्या भावानं तीनदा चुना मारला, तिन्ही वेळा तेवढी जागा मी सोडायला लावली. तो म्हणतो, भिंत खराब दिसते. दिसू दे.

रुचिका शाईची डबी घेऊन आली आहे अंगठ्यासाठी. अंगठा सातबाऱ्यावर देतात, रेशनच्या दुकानात देतात. तिला म्हटलं, हळद कालव. पान खराब होईल म्हणून ती कुरकुरते आहे. खाली उजवा हात उठवते आहे, पुरा. पाची बोटं वेगवेगळी उठली आहेत का ते तूच पाहून घे.

तुझी,
माय